सोलापुरात फाशांचा खेळ घडवायचा तर

बैठ्या खेळांच्या धंद्यात शिरण्याची सर्वांत स्वस्त वाट म्हणून फाशांच्या खेळाकडे पाहिले जाते. सामान थोडे, नियम पानभर, डबा लहान. परंतु सामान थोडे असल्यामुळेच रचनेतला कच्चेपणा झाकायला जागा उरत नाही. सुंदर चित्रांचे शंभर पत्ते असलेला सुमार खेळही एकदा पाहायला बरा वाटतो. पाच फासे आणि एक कापडी पट एवढ्यावर उभा असलेला खेळ दुसऱ्याच डावात उघडा पडतो. असा खेळ एकट्यादुकट्या माणसाने, कंपनीचे पाठबळ नसताना, सोलापुरात बसून कसा रचावा, कोणाकडून करून घ्यावा आणि कसा विकावा, हे येथे क्रमाने पाहू. माझे मत आधीच सांगून ठेवतो: सोलापूरकराने फासे विकत घ्यावेत, बाकी सर्व वस्तू गावातच करून घ्याव्यात आणि खेळाची रचनाही त्याच हिशेबाने करावी.

दान आणि निर्णय

फासा निर्दोष असेल तर त्याची प्रत्येक बाजू वर येण्याची शक्यता सहात एक असते. दोन फासे टाकले की ३६ जोड्या संभवतात. त्यांपैकी सहा जोड्यांची बेरीज ७ होते, तर २ आणि १२ या बेरजांना प्रत्येकी एकच जोडी आहे. म्हणजे ७ हे दान १२ या दानापेक्षा सहापट वेळा पडते. ज्या खेळात ७ आणि १२ यांना सारखेच बक्षीस आहे, तो खेळ रचणाऱ्याने ही आकडेमोड केलेली नाही, असे खुशाल समजावे.

ही आकडेमोड सहजबुद्धीला मात्र अनेकदा चकवते. सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये दोन पैजांवरून असाच घोळ झाला होता. एक फासा चार वेळा टाकला तर एकदा तरी ६ पडेल, ही पहिली पैज. दोन फासे २४ वेळा टाकले तर एकदा तरी दोन्हींवर ६ पडतील, ही दुसरी. चारास सहा आणि चोवीसास छत्तीस हे प्रमाण एकच असल्याने दोन्ही पैजा सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात पहिली जिंकण्याची शक्यता ५१.८ टक्के आहे आणि दुसरी जिंकण्याची ४९.१ टक्के. जुगाराविषयीच्या अशाच प्रश्नांतून १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांचा पत्रव्यवहार झाला आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. खेळ रचणाऱ्याच्या दृष्टीने यातला कामाचा भाग असा, की खेळाडूचा अंदाज आणि खरा हिशेब यांत जे अंतर पडते, त्या अंतरातच खेळाची गंमत असते.

पण नुसते दान म्हणजे खेळ नव्हे. सापशिडीत फासा टाकण्यापलीकडे खेळाडूच्या हाती काहीच नसते, म्हणून वय वाढले की ती सुटते. दोन दानांच्या मध्ये खेळाडूला काहीतरी ठरवावे लागले पाहिजे, आणि ते ठरवणे अवघडही वाटले पाहिजे. याचे सर्वांत साधे उदाहरण म्हणजे इंग्रजीत ‘पिग’ या नावाने चालत आलेला जुना खेळ. फासा एकच. आपल्या पाळीत तो हवा तितक्या वेळा टाकावा; पडलेले आकडे साचत जातात; मात्र १ पडला की त्या पाळीत साचलेले सगळे जाते आणि पाळी पुढच्याकडे जाते. १ पडण्यापूर्वी केव्हाही थांबून साचलेले गुण पदरात पाडून घेता येतात. जो आधी १०० करील तो जिंकला.

थांबावे केव्हा? समजा, आपल्याजवळ या पाळीत काही गुण साचले आहेत. आणखी एकदा फासा टाकला तर २, ३, ४, ५ किंवा ६ पडून लाभ होईल. या आकड्यांची बेरीज २०, आणि प्रत्येकाची शक्यता सहात एक, म्हणून सरासरी लाभ २० भागिले ६. उलट १ पडला तर साचलेले सर्व जाईल, म्हणजे सरासरी तोटा साचलेले गुण भागिले ६. साचलेले गुण २० झाले की लाभ आणि तोटा सारखे होतात. म्हणून २० होईपर्यंत टाकत राहावे आणि मग थांबावे, हा ढोबळ पण चांगला नियम निघतो.

येथेच या खेळाची मर्यादाही दिसते. ज्याला ‘२०’ हा आकडा कळला, त्याच्यापुरता निर्णय बराचसा संपला. तो आता यंत्रासारखा खेळेल. परंतु समोरचा ९५ वर असेल आणि आपण ६० वर, तर २० वर थांबणे वेडेपणाचे ठरते, कारण त्याला पुढची पाळी मिळाली तर तो बहुधा जिंकणार. म्हणजे खेळात खरा जीव तेव्हा येतो, जेव्हा योग्य निर्णय दुसऱ्याच्या परिस्थितीवरही अवलंबून असतो. नवा खेळ रचताना अशा जागा शेवटच्या दोन पाळ्यांपुरत्या न ठेवता पहिल्यापासून पेराव्यात.

एक नमुना घेऊन पाहू

या लेखापुरता एक खेळ कल्पू. प्रत्येक खेळाडूसमोर चादरीचे चित्र असलेला कागद आहे आणि त्यात दहा आडव्या पट्ट्या आहेत. पाच फासे टाकायचे, हवे ते ठेवून उरलेले आणखी दोनदा टाकता येतात, आणि शेवटी जो नमुना (जोडी, तीन सारखे, ओळीने पाच आकडे असा) जमला असेल त्याची पट्टी भरायची. एकाने जो नमुना भरला, तो पुढच्या फेरीपर्यंत इतरांना बंद. या शेवटच्या नियमामुळे खेळाडूला स्वतःच्या फाशांइतकेच शेजाऱ्याच्या कागदाकडेही लक्ष द्यावे लागते.

आता गुण कशाला किती द्यायचे? पाच फाशांच्या एका फेकीत ७,७७६ दाने संभवतात. त्यांपैकी ३,६०० दानांत नेमकी एक जोडी असते, म्हणजे सुमारे ४६.३ टक्के. दोन जोड्या २३.१ टक्के वेळा, तीन सारखे १५.४ टक्के वेळा. तीन सारखे आणि वर एक जोडी हा नमुना ३.९ टक्के, चार सारखे १.९ टक्के, आणि पाचही सारखे १,२९६ फेकींत सरासरी एकदा. पाचही आकडे वेगवेगळे पडणे लोकांना अगदी नेहमीचे वाटते, पण ते केवळ ९.३ टक्के वेळा घडते. दहा माणसांना विचारले तर त्यातले बहुतेक जण हा आकडा फार मोठा सांगतील. ओळीने पाच आकडे येण्याची शक्यता ३.१ टक्के आहे.

हे आकडे पहिल्या फेकीचे झाले. पुन्हा टाकण्याची मुभा दिली की चित्र बदलते. हातात २, ३, ४, ५ असतील तर १ किंवा ६ यांपैकी काहीही चालते, म्हणून एका फेकीत ओळ पुरी होण्याची शक्यता तिनात एक, आणि दोन फेकी शिल्लक असतील तर सुमारे ५६ टक्के. हातात १, ३, ४, ५ असतील तर मात्र केवळ २ हवा, म्हणजे शक्यता निम्म्याने कमी. दिसायला दोन्ही हात सारखेच, ‘एकच आकडा कमी’ असे. आणि नवखा खेळाडू दोन्हींवर सारखाच भरवसा ठेवतो. अनुभवी माणूस आणि नवखा यांच्यातला फरक दिसण्यासाठी असे बारकावे खेळात हवेत. पण ते इतकेही नसावेत, की नवख्याला एकही डाव जिंकता येऊ नये.

सर्व पट्ट्यांचा पूर्ण हिशेब हाताने करत बसण्याचे कारण नाही. संगणकाकडून एक लाख डाव खेळवून घेणारा छोटा प्रोग्राम अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला एका संध्याकाळी लिहिता येतो. त्यातून सरासरी गुण, पहिल्या पाळीच्या खेळाडूला मिळणारा फायदा आणि कधीच न भरली जाणारी पट्टी, या तीन गोष्टी हमखास कळतात. कंटाळा मात्र संगणकाला येत नाही, म्हणून ती परीक्षा माणसांकडूनच करून घ्यावी लागते.

माणसांवरची चाचणी

कंटाळ्याचे मोठे कारण म्हणजे पाळीची वाट पाहणे. एका पाळीला ४० सेकंद लागत असतील आणि चार खेळाडू असतील, तर प्रत्येकाला दर फेरीत दोन मिनिटे नुसते बसावे लागते. दहा फेऱ्यांचा डाव सुमारे २७ मिनिटांचा होतो आणि त्यातली वीस मिनिटे आपण प्रेक्षक असतो. ‘शेजाऱ्याने भरलेला नमुना बंद’ हा नियम येथे दुहेरी कामाला येतो, कारण दुसऱ्याची पाळी चालू असतानाही आपले काहीतरी पणाला लागलेले असते.

चाचणीचे पहिले डाव घरच्यांबरोबर खेळावेत, पण त्यांच्या कौतुकावर विसंबू नये. खरी परीक्षा मुकी असते: अनोळखी चौघांपुढे डबा ठेवायचा, नियमांचा कागद द्यायचा आणि आपण तोंड मिटून बाजूला बसायचे. ते कुठे अडतात, कोणते वाक्य पुन्हा पुन्हा वाचतात, कोणता नियम सर्रास चुकीचा खेळतात, हे टिपत राहायचे. चुकीचा खेळलेला नियम पुष्कळदा मूळ नियमापेक्षा चांगला असतो. तसे असेल तर मानापमान न मानता तो उचलावा.

सोलापुरात या चाचणीला आणखी एक अंग आहे. या शहरात मराठी, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषा घराघरांत बोलल्या जातात, शिवाय दखनी उर्दू आहेच. मराठीत लिहिलेला नियम पूर्व भागातल्या तेलुगू घरात आजीला नातवाने समजावून सांगावा लागत असेल, तर त्या नियमाचे चित्र काढता येते का ते पाहावे. फाशांच्या खेळात हे बहुधा जमते, कारण फाशावरचे ठिपके सर्वांनाच वाचता येतात. नियमांची पत्रिका तीन भाषांत छापण्याचा खर्च नगण्य असतो. पट आणि डबा मात्र शक्यतो अक्षरांशिवाय ठेवावेत, म्हणजे तोच माल विजयपूर, कलबुर्गी आणि हैदराबादपर्यंत विकता येतो.

फासे विकत का घ्यावेत

प्लॅस्टिकचा फासा साच्यात वितळलेला माल दाबून भरून तयार होतो. मग कडा गोल करण्यासाठी फासे घोळवले जातात, ठिपक्यांच्या खाचांत रंग भरला जातो आणि पृष्ठभाग पुन्हा घासला जातो. यातला महागडा भाग म्हणजे पोलादी साचा. त्याचा खर्च हजारो फाशांवर पसरला तरच परवडतो, आणि पाचशे डब्यांसाठी लागणारे अडीच हजार फासे हा त्या साच्याच्या दृष्टीने अर्ध्या दिवसाचाही खुराक नाही. खास चिन्हांचे फासे हवेच असतील, तर कोऱ्या फाशांवर लेझरने कोरून किंवा छापून घेण्याचा मार्ग आहे. त्याहूनही सोपे म्हणजे साध्या ठिपक्यांना अर्थ देणारी खूण पटावर छापणे. १६ मिलिमीटरचा ठिपक्यांचा फासा सर्वत्र मिळतो, हरवला तर गिऱ्हाईक स्वतःच दुसरा आणू शकतो, आणि ही सोय मला सुबक चिन्हांपेक्षा मोलाची वाटते.

विकत घेतलेला फासा तपासून मात्र घ्यावा. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ असावी, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर एक बाजू हलकी होते. पारदर्शक फाशात तो दिसतो. ॲक्रिलिकच्या अपारदर्शक फाशासाठी पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत टाकून फासा तरंगवून पाहावा. टिचकी मारल्यावर तीच बाजू पुन्हा पुन्हा वर येत असेल तर तो फासा बाजूला काढावा. जड मालाचे फासे मिठाच्या पाण्यातही बुडतात, तेथे ही युक्ती चालत नाही.

मग प्रत्यक्ष टाकून पाहणे आले. समजा, एक फासा ६०० वेळा टाकला आणि १ ते ६ हे आकडे अनुक्रमे ८८, १०९, १०७, ९५, ११० आणि ९१ वेळा पडले. प्रत्येकाची अपेक्षा १०० ची. फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज केली तर ४८० येते, आणि ती १०० ने भागली की ४.८. ही ‘काय-वर्ग’ चाचणी झाली. सहा बाजूंच्या फाशासाठी ही संख्या ११.०७ च्या पुढे गेली तरच संशय घ्यावा. निर्दोष फाशाच्या बाबतीतही तसे वीस वेळांत एकदा घडतेच. ८८ आणि ११० हे आकडे पाहून ‘फासा लबाड आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण योगायोगाने एवढा चढउतार होतच असतो. प्रत्येक फासा असा तपासणे अशक्य आहे. दर खेपेतले चारपाच तपासले तरी पुरवठादाराची पारख होते.

कापड, कागद आणि डबा

आपल्याकडचा सारीपाट कापडाचाच असे: गुंडाळून खुंटीला अडकवावा आणि हवा तेव्हा पसरावा. सोलापुरात चादरीचे यंत्रमाग आहेत, टॉवेलचे कारखाने आहेत, आणि गणवेश शिवणाऱ्या गारमेंटवाल्यांकडे शिलाईचे कुशल हात आहेत. अशा गावात पुठ्ठ्याच्या घडीच्या पटामागे धावण्यात मला फारसे शहाणपण दिसत नाही.

कापड निवडताना मात्र डोळसपणे निवडावे. टर्किश टॉवेलचा तुकडा फाशांखाली छान वाटेल, आवाजही कमी होईल, असे वाटते. पण त्याच्या उभ्या फाशांत, म्हणजे सुताच्या वेटोळ्यांत, फासा घरंगळत नाही, तिरका अडकून राहतो आणि ‘हे पाच की तीन?’ अशी भांडणे लागतात. चादरीचे सपाट, जाड विणकाम या कामाला अधिक बरे: फासा दोनतीन कोलांट्या घेतो आणि नीट बसतो. नक्षी विणूनच हवी असेल तर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नवे डिझाइन चढवावे लागते आणि त्यासाठी कारखानदार ठरावीक लांबीचा माल मागतो. पाचशे पटांसाठी साध्या सुती कापडावर स्क्रीन छपाई करणेच परवडते. दोन रंगांत भागवले तर आणखी चांगले. ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे नुसत्या जाड कापडावर ते नाव छापून मोकळे होता येत नाही. कापड खरोखर तेच असेल तरच नाव घ्यावे, आणि तेही अधिकृत वापरकर्त्याकडूनच माल घेऊन.

कागदाच्या बाबतीत छापखान्यात जाऊन बसावे. दाते पंचांग ज्या गावातून निघते, तेथे छपाई जाणणारी माणसे शोधावी लागत नाहीत. त्यांच्याकडून पहिली गोष्ट शिकण्यासारखी आहे ती म्हणजे कागदाच्या तावाचा हिशेब. समजा ताव २० बाय ३० इंचांचा आहे आणि आपल्या डब्याचा उलगडलेला आकार ९.५ बाय १४.५ इंच. कडेचा थोडा कागद सोडूनही एका तावात चार डबे बसतात. आता चित्रकाराच्या आग्रहाखातर रुंदी एका इंचाने वाढवून १०.५ केली, तर ताव कसाही फिरवला तरी दोनच डबे बसतात. एक इंचासाठी कागद आणि छपाई दुप्पट! म्हणून डब्याचे माप चित्रकाराने नव्हे, तावाने ठरवावे.

ऑफसेट छपाईत प्लेट, मशीन लावणे आणि पंचिंगचा डाय, म्हणजे डब्याचा आकार कापणारा साचा, हा खर्च दोनशे प्रतींनाही तेवढाच आणि दोन हजारांनाही तेवढाच असतो, म्हणून नगामागचा दर मोठ्या छपाईत झपाट्याने उतरतो. या उतरत्या दराला भुलून नवखी माणसे दोन हजार डबे छापतात आणि मग पलंगाखाली रचून ठेवतात. चाचणीच्या तीसचाळीस प्रती डिजिटल छपाईवर काढाव्यात, पहिली आवृत्ती पाचशेच्या आत ठेवावी, आणि नगामागे चार रुपये जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

सोलापूरच्या उन्हाचाही विचार व्हावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि टेम्पोच्या हौद्यात तो आणखी चढतो. पुठ्ठ्याला एकाच बाजूने छापील कागद चिकटवून लॅमिनेशन केले असेल तर तो वाकतो. दोन्ही बाजूंनी कागद लावला की ताण सारखा राहतो. डब्याचा एक नमुना आठवडाभर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवून पाहणे, ही फुकटची आणि फार उपयोगी चाचणी आहे.

कायद्याची बाजू

फासे म्हटले की जुगाराची शंका निघते, आणि द्यूतपर्व ऐकलेल्या समाजात ती निघणारच. महाराष्ट्रात लागू असलेला जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे आणि त्याचा रोख पैसे किंवा मोलाची वस्तू पणाला लावण्यावर आहे. गुणांसाठी खेळला जाणारा घरगुती खेळ त्यात येत नाही. जाहिरातीसाठी ‘प्रवेश शुल्क भरा, डाव जिंका, रोख बक्षीस न्या’ असला प्रकार मात्र टाळावा.

अधिक महत्त्वाचा आहे तो खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा आदेश. २०२० मध्ये निघालेला हा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि १४ वर्षांखालील मुलांसाठी असलेल्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह त्याने सक्तीचे केले. परवाना विशिष्ट उत्पादनस्थळाला मिळतो. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना सूट आहे. खेळ मोठ्यांसाठी असेल तर या आदेशाचा संबंध येत नाही, परंतु डब्यावर हसणारे हत्ती काढून खाली ‘१४ वर्षांवरील’ असे छापल्याने सुटका होत नाही, कारण वस्तू उघडपणे कोणासाठी आहे हे पाहिले जाते. लहान वस्तू गिळल्या जाण्याचा धोका तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात जे मावते ते तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती द्यायचे नाही. १६ मिलिमीटरचा फासा त्यात सहज मावतो, म्हणून तसा इशारा डब्यावर असलाच पाहिजे.

डब्यावर आणखी काय छापायचे ते २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांत आहे: उत्पादकाचे नाव व पत्ता, नगसंख्या, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. पत्ते, कॅरम, ल्युडो अशा बैठ्या खेळांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात माल विकताना नोंदणी लागत नाही, पण कलबुर्गीच्या दुकानदाराला माल पाठवायचा तर ती लागते.

‘माझा खेळ कोणी चोरला तर?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकांना आवडत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये खेळ खेळण्याची पद्धत पेटंटयोग्य नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. संरक्षण मिळते ते नियमांच्या शब्दांना आणि चित्रांना, कॉपीराइटखाली. आणि नावाला, व्यापारचिन्हाखाली. खेळ व खेळणी व्यापारचिन्हांच्या २८ व्या वर्गात येतात आणि व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये पडते. नाव नोंदवावे आणि कामाला लागावे. खेळ न विकला जाण्याची शक्यता तो चोरीला जाण्याच्या शक्यतेपेक्षा कितीतरी मोठी असते.

किंमत आणि विक्री

समजा, फासे, पट, पिशवी, पत्रिका आणि डबा मिळून नगामागे १६० रुपये लागले आणि छापील किंमत ४९९ ठेवली. पाच टक्के कर वजा जाता सुमारे ४७५ उरतात. दुकानदाराने त्यावर ३५ टक्के घेतले तर आपल्या हाती ३०९ येतात आणि उत्पादनखर्च जाऊन १४९ उरतात. मध्ये वितरक आला आणि दोघांचे मिळून ५५ टक्के गेले, तर उरतात ५४. स्वतः कुरिअरने पाठवला आणि त्याला ७० रुपये लागले, तर उरतात २४५. चित्रकार, डाय, नमुने, नोंदणी असा आरंभीचा खर्च ६० हजार धरला, तर तो भरून निघायला थेट विक्रीत २४५ डबे, दुकानातून ४०३ आणि वितरकामार्फत तब्बल १,११२ डबे जावे लागतात. पाचशेच्या आवृत्तीत वितरकाचा मार्ग म्हणजे ठरवून केलेला तोटा आहे. म्हणूनच या धंद्यात छापील किंमत उत्पादनखर्चाच्या चार-पाचपट असावी, असा आडाखा धरतात. तिपटीत बसणारा माल स्वतःच विकायचा असतो.

कुरिअरचा हिशेब वजनावर नसून पुष्कळदा आकारमानावर असतो: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायची. २५ बाय २५ बाय ६ चा डबा आत हलका असला तरी पाऊण किलोचा धरला जातो. २० बाय १२ बाय ५ चा पाव किलोच्या आत बसतो. कापडी पटाची घडी लहान होते, हा त्याचा आणखी एक लाभ.

थेट विक्रीसाठी सोलापूरकराच्या हाताशी गड्ड्याची यात्रा आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेनिमित्त होम मैदानावर भरणाऱ्या या बाजारात खेळण्यांसाठीच आलेली गिऱ्हाइके असतात. तेथे बंद डबे रचून उपयोग नाही. एक पट उघडा अंथरून ठेवावा आणि येणाऱ्याच्या हातात फासे द्यावेत. यात्रेच्या गर्दीत अर्ध्या तासाचा डाव कोणी खेळणार नाही, म्हणून तीन पट्ट्यांचा, पाच मिनिटांत उरकणारा छोटा डाव आधीच बसवून ठेवावा. जो माणूस शेवटच्या फेकीवर ‘आणखी एकदा’ म्हणतो, त्यालाच किंमत सांगावी. यात्रेला माल हवा असेल तर दिवाळीपूर्वी छापखान्याला काम द्यावे लागते, कारण त्यानंतर दिनदर्शिका आणि लग्नपत्रिकांची घाई सुरू होते आणि आपले पाचशे डबे मागे पडतात.

डब्यात पाच फासे लागत असतील तर सहा घालावेत. एक फासा कपाटाखाली जातोच, आणि त्यासाठी गिऱ्हाइकाला फोन करायला लावण्यापेक्षा तो आधीच दिलेला स्वस्त पडतो.